श्वासाची परीक्षा

थंडीचे दिवस आले, संत्र्यांनी भरलेल्या गाड्या नागपूरच्या वाटेला लागल्या आणि वेचलेल्या कापसाने घरांच्या पडव्या भरल्या, म्हणजे आमच्या शाळेत स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. सूचनाफलकावर एकापाठोपाठ एक कागद लागतात. वक्तृत्व, निबंध, चित्रकला, कबड्डी, समूहगीत यांसाठी नावे देणाऱ्यांची रीघ लागते. त्याच फलकाच्या एका कोपऱ्यात ‘शास्त्रीय वाद्यवादन’ असाही एक कागद असतो. तेथे तबल्याची दोनचार मुले हटकून येतात, पेटी वाजवणारी एखादी मुलगी येते; परंतु फुंकून वाजवावयाच्या वाद्यासाठी नाव देणारा विद्यार्थी एखादाच निघतो, आणि कित्येक वर्षी तोही निघत नाही. या लेखात आम्हांस त्या एखाद्या विद्यार्थ्याविषयी लिहावयाचे आहे. त्याने स्पर्धेत उतरावे की नाही, आणि उतरावयाचे तर आपण वडील माणसांनी त्याच्यासाठी काय करावे, हा आमचा विषय आहे.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत. तारांची ती तत, कातड्याने मढवलेली ती अवनद्ध, टाळझांजांसारखी ती घन, आणि पोकळ नळीत वारा खेळवून वाजवावयाची ती सुषिर. बासरी, पावा, अलगूज, सनई ही सारी सुषिर वाद्ये होत. या वर्गाची एक अडचण इतरांहून निराळी आहे. सतारीवरून बोट उचलले तरी तार क्षणभर गुंजत राहते. तबल्यावरची थाप पडून गेली तरी तिचा नाद मागे रेंगाळतो. सुषिर वाद्याला ही सवलत नाही. श्वास संपला की सूर संपला. वाजवणारा भ्याला तर त्याची भीती सुरात उतरते, त्याला धाप लागली तर ती शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने अनोळखी सभागृहात, अनोळखी परीक्षकांसमोर बासरी ओठांना लावावी, हे धाडस म्हणूनच लहान नाही.

आमच्या या भागात सुषिर वाद्यांची ओळख मुलांना दोन ठिकाणी होते. पहिले ठिकाण जत्रेचे. जामसावळीच्या हनुमंताच्या दर्शनाला माणसे लोटतात, तेव्हा एखादा फेरीवाला उंच काठीला बासऱ्या खोचून गर्दीतून वाजवत फिरताना दिसतो. लहान मूल हट्ट धरते, बासरी घरी येते, चार दिवस तिची शीळ साऱ्या घराला सहन करावी लागते आणि पाचव्या दिवशी ती माळ्यावर जाते. दुसरे ठिकाण लग्नाचे. वाजंत्री आले, सनई वाजू लागली की लग्नघराला लग्नघराची कळा येते. पण ती वाजवणारा कोठे बसतो, हे मुलांनी पाहिलेले असते. तो मांडवाच्या तोंडाशी बसतो, त्याचे पान सर्वांच्या मागून वाढले जाते, आणि त्याचे नाव कोणी विचारीत नाही. जे वाद्य खेळणे म्हणून माळ्यावर टाकावयाचे, किंवा जे मांडवाबाहेरच ठेवावयाचे, ते शिकण्यात काही प्रतिष्ठा आहे असे मुलास कसे वाटावे?

आम्ही स्वतः कोकणी बोलणाऱ्या घरातून आलो आहोत. गोव्याकडील देवळांच्या नगारखान्यांतून चौघड्यासह वाजणारी सनई ऐकतच आम्ही वाढलो. तिकडे ती देवाच्या सेवेची म्हणून तिचा मान राखला जातो; परंतु वाजवणाऱ्याला त्या मानाचा वाटा किती मिळाला, असे कोणी विचारल्यास आम्हांस खाली पाहावे लागेल. तेव्हा हा दोष एकट्या सौंसरचा नव्हे. सनईचा सूर मंगल आणि तो काढणारा मात्र दूरचा, ही विसंगती साऱ्या मराठी आणि कोकणी मुलखाने सांभाळली आहे.

ही विसंगती काही थोर माणसांनी आपल्या श्वासाच्या बळावर मोडली. बिहारमधील डुमराव येथे १९१६ साली जन्मलेले उस्ताद बिस्मिल्ला खाँ काशीला आपल्या मामांकडे शिकले. १९३७ साली कलकत्त्याच्या संगीत परिषदेत त्यांची शहनाई गाजली, आणि लग्नाच्या दाराशी बसणारे ते वाद्य ख्यालगायनाच्या बरोबरीने व्यासपीठावर आले. देश स्वतंत्र झाला त्या १९४७ सालच्या सोहळ्यात दिल्लीच्या लाल किल्ल्यावर त्यांची शहनाई वाजली. २००१ साली त्यांना भारतरत्न मिळाले. २००६ साली ते निवर्तले, तोवर शहनाई हे ‘फक्त वाजंत्र्यांचे वाद्य’ म्हणण्याचे धैर्य कोणातही उरले नव्हते. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचा आरंभ आजही प्रथेप्रमाणे सनईनेच होतो.

बासरीची कथा याहून आम्हांस जवळची आहे, कारण तिची वाट आपल्याच मध्य प्रदेशातून जाते. १९११ साली बारिसाल येथे जन्मलेले पन्नालाल घोष यांनी गुराख्यांच्या आणि लोकगीतांच्या या वाद्याला रागसंगीताचे वाद्य केले. छोट्या बासरीत खर्जाचे गांभीर्य येत नाही, हे जाणून त्यांनी सुमारे बत्तीस इंच लांबीची बासरी घडवली. नाव झालेले असूनही १९४७ साली ते मैहरच्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे शिष्य झाले. त्याच खाँसाहेबांच्या कन्या अन्नपूर्णादेवी या सूरबहार वाजवीत. परंतु हरिप्रसाद चौरसिया यांच्यासारख्या बासरीवादकाने त्यांच्यापाशी शिक्षण घेतले. हरिप्रसादजी तेव्हा नवशिके नव्हते. १९५७ सालीच ते कटकच्या आकाशवाणी केंद्रात नोकरीस लागले होते आणि पुढे मुंबईत त्यांचे नाव झाले होते. तरीही गुरूपाशी सारे नव्याने शिकावयाचे म्हणून त्यांनी बासरी धरण्याची बाजू बदलली आणि उजवीकडची बासरी डावीकडे नेली. मैहर आणि आपला पांढुर्णा हे दोन्ही जिल्हे २०२३ साली एकाच वेळी अस्तित्वात आले. नकाशावरचे हे भावंडपण आमच्या विद्यार्थ्यांनी सुरांतही मानावे, अशी आमची इच्छा आहे. पन्नालालजींच्या परंपरेत पुढे देवेंद्र मुर्डेश्वर, नित्यानंद हळदीपूर अशी कोकणी घरांतील माणसेही आली, याचा आम्हांस थोडा घरगुती अभिमान आहे, तो वाचकांनी क्षम्य मानावा.

आता स्पर्धेचा प्रश्न. ‘संगीत ही साधना आहे, तिची शर्यत कशाला लावता?’ असे पुष्कळ जाणती माणसे म्हणतात. त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. रागाला सावकाश उलगडावे लागते. स्पर्धेत मुलाच्या हाती दहापंधरा मिनिटे असतात. आलापाला पुरेसा वेळ द्यावा तर तान दाखवावयाची राहते, आणि तान दाखवावी तर रागाचे स्वरूप उभे राहण्यापूर्वीच घंटा वाजते. मग मुले परीक्षकांना चकित करतील अशा द्रुत लकेरी पाठ करतात आणि त्यालाच संगीत समजू लागतात. आणखी एक अडचण सुषिर वाद्यांची खास आहे. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत शास्त्रीय एकलवादनाचे तालवाद्ये आणि तालवाद्यांखेरीज इतर वाद्ये असे दोनच वर्ग केलेले असतात. म्हणजे बासरीची तुलना सतार, सरोद आणि व्हायोलिन यांच्याशी व्हावयाची. सतारीचा झाला ऐकून जो टाळ्यांचा कडकडाट होतो, तो बासरीच्या एका लांब, स्थिर षड्जाला मिळत नाही. वास्तविक तो षड्ज साधणे झाल्यापेक्षा सोपे आहे, असे कोणी मानू नये.

हे सर्व मान्य करूनही आम्ही स्पर्धेच्या बाजूने आहोत. मोठ्या शहरातील मुलाला मैफली ऐकावयास मिळतात, गुरू मिळतात, आपल्यासारखेच शिकणारे सोबती मिळतात. सौंसरसारख्या गावच्या मुलाला यांतले काय मिळते? एका बाजूस छिंदवाडा आणि दुसऱ्या बाजूस नागपूर. मधल्या गावात राहणाऱ्या मुलाने आपल्याच वयाचा दुसरा बासरीवादक उभ्या आयुष्यात पाहिलेला नसतो. तो त्याला प्रथम स्पर्धेतच दिसतो. आकाशवाणीने तरुणांसाठी संगीत स्पर्धा भरवल्या, त्यांतून अनेक कलावंत पुढे आले. १९८१ साली त्या स्पर्धेत यश मिळवणारे रोणू मजुमदार पुढे देशोदेशी नावाजले गेले. १९९५ साली भोपाळपासून सुरू झालेल्या राष्ट्रीय युवक महोत्सवात अनेक वर्षे एकट्या बासरीची निराळी स्पर्धा होत असे. शाळेतील मुलांसाठी केंद्र सरकारने २०१५ सालापासून ‘कला उत्सव’ सुरू केला. त्यात जिल्ह्यापासून राज्यापर्यंत आणि पुढे देशपातळीपर्यंत जाता येते. ही दारे आहेत. दारातून आत गेल्यावर घर कसे आहे ते दिसते, म्हणून मुलांनी दारापर्यंत जावे. मात्र तेथवर नेणाऱ्याने नीट नेले पाहिजे. आम्ही एकदा ते केले नाही. ती हकीकत येथे सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगा होता. मधल्या सुट्टीत तो एकटाच मागच्या भिंतीशी बसून जत्रेतली बासरी वाजवीत असे. गाणी सिनेमातली असत, पण श्वास इतका लांब आणि इतका शांत असे की आमच्यासारख्या अजाण माणसाचे पाऊलही थबकावे. वाद्यवादनाच्या स्पर्धेचे पत्र आले, तेव्हा आम्ही उत्साहाने त्याचे नाव घातले. स्पर्धा आठ दिवसांवर होती. एका परिचिताकडून भूप रागातील एक छोटीशी गत त्याने सहा दिवसांत बसवली. अर्जात ‘मार्गदर्शक’ असा एक रकाना होता. आम्ही त्या मुलास विचारले, ‘तुला बासरी कोणी शिकवली?’ तो काही बोलला नाही. मान खाली घालून उभा राहिला. तेव्हा वेळ जाऊ नये म्हणून आम्ही त्या रकान्यात आपलेच नाव लिहून टाकले. आम्हांस बासरी नीट धरताही येत नाही.

स्पर्धेच्या दिवशी पहाटे निघालो. थंडी कडाक्याची होती. बासरी कापडी पिशवीत होती आणि पिशवी गाडीच्या खालच्या फळीवर. सभागृहात पोहोचताच कळले की त्याचा क्रमांक पहिलाच आहे. तबला एका ठरावीक पट्टीत लावून ठेवलेला होता, तंबोऱ्याचे यंत्र त्याच पट्टीत सुरू होते. मुलाने बासरी काढली आणि ओठांना लावली. पहिला षड्ज निघाला तो तंबोऱ्याच्या षड्जाखाली उतरलेला. मुलास ते कळले. त्याने फुंकर वाढवून सूर वर ओढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तो फाटला. चारपाच मिनिटांनी नळी त्याच्या श्वासाने ऊबदार झाली आणि सूर आपोआप चढू लागला. पण तोवर त्याने ओठ निराळे वळवले होते, त्यामुळे आता सूर वर जाऊ लागला. मागच्या बाकांवर कोणीतरी हसले. त्याने गत पुरी केली, नमस्कार केला आणि खाली उतरला.

परीक्षकांपैकी एक वृद्ध गृहस्थ दुपारी आमच्याजवळ आले. मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, ‘बाळ, तुझा श्वास फार चांगला आहे.’ मग आमच्याकडे वळून त्यांनी विचारले, ‘गुरुजी, या बासरीचा षड्ज येण्यापूर्वी कोणी ऐकला होता काय?’ आमच्यापाशी उत्तर नव्हते. परतीच्या प्रवासात मुलगा एक शब्दही बोलला नाही. पुढे कित्येक महिने त्या मागच्या भिंतीशी बासरी वाजली नाही.

मागाहून आम्ही आमच्या विज्ञानशिक्षक मित्रांस हा प्रकार सांगितला, तेव्हा त्यांनी त्याचे कारण फळ्यावर मांडून दाखवले. हवा एक अंशाने तापली की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. नळीची लांबी तीच राहिली आणि आतल्या हवेतील ध्वनीचा वेग वाढला, म्हणजे स्वर चढतो. हवा थंड झाली की उतरतो. म्हणून थंडीतल्या सकाळी गार पडलेली बासरी खाली बोलते आणि वाजवता वाजवता वर येते. सतारीच्या खुंट्या पिळता येतात, तबल्याचे गठ्ठे हातोडीने ठोकता येतात; बासरीला खुंटीही नाही आणि गठ्ठाही नाही. तिची पट्टी ती बनवतानाच ठरून गेलेली असते. तेव्हा तंबोऱ्याने आणि तबल्याने बासरीकडे यावे लागते, बासरीने त्यांच्याकडे जावयाचे नसते. वादकाला ओठांच्या वळणाने थोडेफार सावरता येते, परंतु ते वर्षानुवर्षांच्या सरावाचे काम. अनुभवी वादक म्हणूनच व्यासपीठावर जाण्यापूर्वी बासरीत हलकी फुंकर घालून ती ऊबदार करून घेतात. ही एवढीशी गोष्ट आम्हांस ठाऊक असती, तर त्या मुलाच्या वाट्याला ते हसू आले नसते.

परंतु त्याहून मोठी चूक आम्हांस पुष्कळ दिवसांनी उमगली. शेजारच्या खेड्यातील एका लग्नास आम्ही गेलो होतो. मांडवाच्या तोंडाशी एक वृद्ध गृहस्थ सनई वाजवीत बसले होते. त्यांच्या शेजारी दुसऱ्या सनईवर केवळ एकच सूर धरून बसलेला जो मुलगा होता, तो आमचाच विद्यार्थी. आम्हांस पाहताच त्याने तोंड फिरवले. वृद्ध गृहस्थ त्याचे आजोबा. गाल फुगवून, नाकाने श्वास घेता घेता तोंडाचा सूर अखंड कसा ठेवावा, हे त्या मुलास लहानपणापासून त्यांनीच शिकवले होते. लग्नात मुख्य सनई वाजत असताना मागचा सूर मुळीच हलू न देणे, हे त्याचे रोजचे काम होते. ज्या लांब श्वासाची परीक्षकांनी तारीफ केली, त्याची शाळा ही होती. आणि अर्जातल्या रकान्यापुढे मान खाली घालून तो का उभा राहिला, तेही आम्हांस तेव्हा कळले. वाजंत्र्याचा नातू म्हणून वर्गात हसे होईल, या भयाने त्याने आपल्या गुरूचे नाव गिळले होते, आणि त्या रिकाम्या जागी आम्ही आपले नाव लिहिले होते.

वाचकहो, स्पर्धेविषयी आमचे जे म्हणणे आहे ते या रकान्याशी येऊन थांबते. स्पर्धेत मुलाचा क्रमांक कितवा आला, हे दोन वर्षांत कोणाच्या लक्षातही राहत नाही. पण आपल्या गुरूचे नाव त्याने चारचौघांत मोठ्याने घेतले काय, हे त्याच्या साऱ्या आयुष्यात राहते. ज्या समाजात मुलास आपल्या आजोबांचे नाव सांगावयाची लाज वाटते, त्या समाजाने त्याला सुवर्णपदक दिले तरी त्याचा उपयोग किती? बिस्मिल्ला खाँसाहेबांना भारतरत्न मिळाल्याची वार्ता शाळेत अभिमानाने सांगावयाची, आणि त्याच सायंकाळी लग्नात सनईवाल्याला मांडवाबाहेर ठेवावयाचे, ही दुटप्पी रीत मुले पाहत असतात.

म्हणून पालकांना, शाळेला आणि संस्थांच्या चालकांना आमच्या काही सूचना आहेत. पहिली ही की, मुलास आठ दिवसांच्या तयारीने स्पर्धेत पाठवू नये. जून महिन्यात ज्याने रोज अर्धा तास मंद्र सप्तकाचे लांब सूर भरावयास सुरुवात केली असेल, त्याचेच नाव डिसेंबरात घालावे. दुसरी सूचना, त्याला आधी गावयास शिकवावे. रोणू मजुमदार यांनी बासरीबरोबर गायनाचेही शिक्षण घेतले होते; हरिप्रसादजींचा आरंभही गायनानेच झाला होता. जो स्वर गळ्यातून निघत नाही तो वेळूतून नेमका निघणे कठीण. बासरीला सहा छिद्रे बोटांची आणि एक फुंकरीचे. कोमल स्वरांसाठी अर्धे छिद्र मोकळे ठेवावे लागते, आणि अर्धे म्हणजे नेमके किती, हे बोटाला केवळ कान सांगू शकतो.

तिसरी सूचना वाद्याची. जत्रेतली बासरी मुलाला गोडी लावण्यास पुरेशी आहे, स्पर्धेस नाही. आपला सातपुडा बांबूने भरलेला आहे, तरी येथला बांबू बहुधा जाड भिंतीचा आणि भरीव असतो. चांगल्या बासरीसाठी पातळ भिंतीचा, लांब पेरांचा बांबू लागतो आणि तो आसामकडून येतो. उत्तर प्रदेशातील पिलीभीत हे गाव बासऱ्यांच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध आहे. शाळेने सुरात लावलेल्या दोन बासऱ्या आणि तंबोऱ्याचे एक यंत्र घेऊन ठेवावे. क्रिकेटच्या सामानापुढे हा खर्च काहीच नव्हे. घेताना मुलाच्या हाताकडे पाहावे. मैफलीतली लांब बासरी लहान बोटांना पेलत नाही. आखूड बासरीवर सुरुवात करून हात वाढेल तशी लांबी वाढवावी.

चौथी सूचना स्पर्धा भरवणाऱ्यांना. सुषिर वाद्यांसाठी जमेल तेथे वेगळा वर्ग ठेवावा. ते न जमल्यास निदान प्रत्येक मुलास वाद्य ऊबदार करून तंबोरा जुळवून घेण्यास पाच मिनिटे द्यावीत, आणि निकालाबरोबर परीक्षकांनी दोन ओळींचा अभिप्राय लिहून द्यावा. ‘श्वास चांगला, षड्ज पाहा’ एवढे चार शब्द त्या मुलास कोणत्याही करंडकापेक्षा अधिक उपयोगी पडले असते. परंतु ते त्याला कागदावर मिळाले नाहीत, आणि बोललेले शब्द अपमानाच्या भरात तो विसरला.

पाचवी सूचना मुलींविषयी. ‘मुलीने फुंकणे शोभत नाही’, ‘फुंकून छाती दुखते’ अशी वाक्ये आम्ही घरोघरी ऐकली आहेत. बासरी जोराने फुंकावयाची नसतेच. सौम्य, लांब आणि नियमित श्वास हेच तिचे सारे बळ. शोभण्याचे म्हणावे तर दक्षिणेत सिक्किल भगिनींनी बासरीवर कर्नाटक संगीत गाजवले, दिल्लीत बागेश्वरी कमर यांनी शहनाई हाती घेतली, आणि हरिप्रसादजींच्या शिष्या देबोप्रिया व सुचिस्मिता चटर्जी या भगिनी मुंबईत बासरीची जुगलबंदी करतात. आमच्या शाळेतील मुलींनी फलकावरील त्या कोपऱ्यातल्या कागदाकडे यापुढे निःशंकपणे वळावे.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांसही एक गोष्ट सांगावयाची आहे. स्पर्धेत तुमच्या पुढे जो वाजवील त्याच्या बोटांकडे पाहू नका, त्याचा श्वास कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो ते ऐका. तो तुमच्याहून सरस असेल तर त्याला जाऊन विचारा की तू रोज किती वेळ बसतोस. हरलात तर दुसऱ्या दिवशी पहाटे बासरी उचला, आणि जिंकलात तरी दुसऱ्या दिवशी पहाटे बासरी उचला. ज्याला या दोन पहाटा सारख्याच वाटू लागल्या, त्याची श्वासाची परीक्षा झाली असे समजावे.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. आम्ही त्याच्या घरी गेलो आणि आजोबांची क्षमा मागितली. त्यांना प्रथम ती कशाबद्दल, हेच कळेना. आमच्या विनंतीवरून ते एका शनिवारी शाळेत आले. मुख्याध्यापकांनी त्यांना व्यासपीठावर आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवले. खुर्चीवर त्यांना सनई वाजवता येईना, तेव्हा सतरंजी अंथरली आणि मुख्याध्यापकही खाली बसले. सकाळच्या वेळेचा भैरव त्यांनी वाजवला. मागचा सूर धरावयास त्यांनी नातवाकडे पाहिले. साऱ्या शाळेसमोर तो उठला, पुढे आला आणि त्याने सूर धरला. वर्गातले कोणीही हसले नाही.

आता तो दर शनिवारी शाळा सुटल्यावर तंबोऱ्याच्या यंत्रापुढे बसतो आणि फक्त लांब सूर भरतो. यंदाच्या स्पर्धेचा कागद लागला तेव्हा आम्ही त्याला काही विचारले नाही. तो स्वतःच येऊन म्हणाला, ‘गुरुजी, यंदा नको. षड्ज अजून हलतो.’ पुढील वर्षी नाव घालावयाचे की नाही, ते त्याने आणि त्याच्या आजोबांनी ठरवावे. घातले तर त्या रकान्यात कोणाचे नाव लिहावयाचे, हे मात्र आता आम्हांस विचारावे लागणार नाही.